तू हो पुढं, मी येतेच

कोणी म्हणेल, धुक्यात माणसाला काहीही दिसतं.

म्हणू द्या.

पण २०२४ च्या एकवीस जानेवारीला सकाळी फुटाळा तलावावर धुकं नव्हतं. लख्ख ऊन होतं, आणि तीनशे माणसं उघड्या डोळ्यांनी बघत होती. यातला एक शब्दही रचलेला नाही. रचायचाच असता, तर याहून बरा शेवट रचला असता.

सुरुवात मात्र धुक्यातच झाली.

रविवार, २२ जानेवारी २०२३. पहाटेचे पावणेपाच. नागपूरच्या रामनगरात दुसऱ्या माळ्यावर भाड्याच्या दोन खोल्या.

तिथे दोन बहिणी राहायच्या. मोठी कामिनी शाळेत शिकवायची. धाकटी जया रामदासपेठेतल्या एका लॅबसाठी रुग्णांचं रक्त काढायची. आईवडील मौद्याला, शेतीवर.

कामिनीला धावायचं वेड होतं. फेब्रुवारीत तिची पहिली एकवीस किलोमीटरची दौड होती. तिनं जयालाही ओढलं होतं. जया ओढल्यासारखीच यायची.

"उठ वं जये. बूट घाल."

"बाहेर पाह्य ना किती धुकं आहे. हाताले हात दिसून नाई राहिला."

"म्हणूनच तं दोघी जाऊ. एकटीले भेव वाटते मले."

"तुले? भेव? तुले पाहून फुटाळ्याचे कुत्रे भेतात."

कामिनी हसली. गोधडीवरून तिनं जयाच्या पाठीत एक हलकी चापट मारली.

"खरंच येशीन ना?"

"तू हो पुढं. मी येतेच मांगून."

कामिनी जिना उतरली. उतरताना गुणगुणत होती. आई शेतात निंदायला बसली की ज्या चालीवर गायची, त्या चालीवर कामिनीनं स्वतःच दोन ओळी जुळवल्या होत्या. धावताना श्वास तुटू नये म्हणून.

पाय माझे वं पाखरं, वाट माझी वं माऊली,
उन्हाच्या आंधी निंघाली, मांगं ठिवून सावली.

खालचं फाटक वाजलं. आवाज धुक्यात विरला.

जयानं कूस बदलली.

आणि ती झोपली.

साडेसातला फोन वाजला.

सेमिनरी हिल्सच्या उतारावर बांबूचं बन रस्त्यावर वाकतं. त्या वळणाशी दूधवाल्याला ती दिसली होती. मागून गाडीनं उडवलं होतं. कोणाची गाडी, कुठली गाडी, पत्ता नाही. डॉक्टर म्हणाले, "लगेच आणलं असतं तर..."

तिच्या डाव्या पायात बूट होता.

उजवा पाय उघडा.

उजवा बूट कुठेच सापडला नाही.

पोलिसांनी विचारलं, रोज दोघी जाता ना, मग त्या दिवशी? जया म्हणाली, मला ताप होता. ताईच म्हणाली, तू झोप. मौद्याहून आईवडील आले, त्यांनाही तिनं तेच सांगितलं. आई, प्रयागबाई, तिला छातीशी धरून रडली.

"बरं झालं वं माय, तुले ताप होता. तू तरी राहिली मले."

त्यानंतर खरं सांगायची जागाच उरली नाही.

दहावा दिवस. मौद्याजवळ कन्हान नदीचा काठ. पलीकडे वीज केंद्राची धुराडी. वडिलांनी, चंपतरावांनी, पिंड ठेवले. सगळे मागे सरकून उभे राहिले.

बाभळीवर एक कावळा होता. खाली उतरेना.

गेलेल्या माणसाच्या मनात काही राहिलं असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही. मग घरच्यांनी ओळखायचं, काय राहिलं ते. मोठ्यानं कबूल करायचं. बरोबर ओळखलं की शिवतो.

"बाई, तुझ्या आईले मी जपीन," चंपतराव हात जोडून म्हणाले.

कावळा हलला नाही.

"लग्नाचं राहिलं असंन पोरीचं," मामी पदराआडून पुटपुटली. "किती स्थळं नाकारली या चंपतरावनं."

"तू चूप राह्य ना वं," कोणीतरी तिला दटावलं.

ऊन डोक्यावर आलं. शेवटी जया पुढे झाली.

"ताई, तुझी राह्यलेली धाव मी धावीन. एकवीसच्या एकवीस."

कावळा खाली उतरला.

तीन उड्या मारत पिंडापर्यंत आला. थांबला. मान तिरकी करून जयाकडे बघत राहिला...

शिवला नाही.

जयानं दात आवळले. दुःख नव्हतं ते. राग होता. ओठ न हलवता, फक्त ताईला ऐकू जाईल इतक्या हळू ती म्हणाली,

"ज्यानं तुले रस्त्यावर एकटं सोडलं, त्याले तू सोडू नको."

कावळ्यानं चोच घातली.

घाटावर सगळ्यांनी सुस्कारा सोडला. धावायचं राहिलं होतं पोरीचं, म्हणाले. जया एकटीला ठाऊक होतं, कावळा कोणत्या शब्दाला शिवला ते.

नाव तिनं घेतलं नव्हतं. नाव तिला माहीतच कुठे होतं?

कामिनी ज्यांच्यासोबत धावायची त्या मंडळींच्या गटाचं नाव पहाटपावलं. गट चालवायचे ओमप्रकाश. वय पन्नाशीला टेकलेलं, गांधीबागेत कापडाचं दुकान, सगळे त्यांना ओपी सर म्हणायचे. सर स्वतः धावायचे, आणि लांबच्या धावेला मागची गाडी चालवायचे. मागच्या सीटवर पाण्याचे खोके. कोणी दमलं, कोणाचा पाय मुरगळला, की गाडी त्याला उचलायची.

"शेवटचा माणूस घरी पोचल्याबिगर आपली मागची गाडी वळत नाही बेटा," ते अभिमानानं सांगायचे.

त्या धुक्याच्या सकाळी मात्र त्यांनी पाच वाजून दहा मिनिटांनी ग्रुपवर निरोप टाकला होता. आज धुकं फार, धाव रद्द, मी घरी परततोय. कामिनी धावायला फोन नेत नसे. फोन घरीच होता, जयाच्या उशाशी.

कामिनीच्या नावानं दौड घ्यायची कल्पना सरांचीच. जे पैसे जमतील त्यातून एक रुग्णवाहिका घ्यायची. रस्त्यावर पडलेल्या माणसाला वेळेत दवाखान्यात नेणारी. पुढच्या जानेवारीतली तारीखही ठरली. मौद्याला जाऊन त्यांनी चंपतरावांचे पाय धरले.

"काका, तुमची पोरगी माझी पण पोरगी होती."

चंपतरावांना गहिवरून आलं. असा माणूस मिळत नाही, म्हणाले.

जयानं तयारी सुरू केली. जुलैत टाचांना फोड आले. ऑगस्टात गुडघा सुजला. ऑक्टोबरात आठ किलोमीटर न थांबता झाले, त्या दिवशी ती रस्त्याच्या कडेला बसून रडली. रोज निघताना ती कामिनीच्या फोटोसमोर उभी राहायची. माफी मागायला तोंड उघडायची. शब्द फुटायचा नाही. मग नुसतीच बुटांच्या नाड्या आवळायची.

नोव्हेंबर आला. पहिली थंडी पडली.

एका सकाळी फुटाळ्याच्या काठानं ती एकटीच धावत होती. पूर्व फिकटत होती. तलावावर वारा नव्हता, पानही हलत नव्हतं. आणि तिच्या पावलांमागे...

टप्... चप्.

टप्... चप्.

ती थांबली.

मागचा आवाजही थांबला. एक पाऊल उशिरा.

तिनं वळून पाहिलं. रस्ता रिकामा. डांबर दवानं ओलं.

ती पुन्हा धावू लागली. टप्... चप्. आता तिनं नीट कान दिला. एक पाऊल रबराचं, बुटाचं. दुसरं मऊ, ओलं. अनवाणी.

एका पायात बूट. एक पाय उघडा.

जयानं पुन्हा वळून पाहिलं नाही. ती धावत राहिली. पुढे वळणावर चार कुत्री रोज अंगावर यायची. आज ती भुंकली नाहीत. उठून, शेपटी पायांत घालून, रस्त्याच्या पार पलीकडे गेली. एका माणसाला लागते त्याहून जास्त वाट सोडून.

धाव संपवून ती सत्यवतीबाईच्या तर्री पोह्याच्या ठेल्यावर आली. सत्यवतीबाईनं न विचारता दोन प्लेट भरल्या.

"एकच द्या ना मावशी."

"अन् ती? ती नाई खात का?"

"कोण?"

"आता पाह्य, कोण म्हणते! तुह्या मांगून आली ना ते पोरगी. एका पायानं उघडी. म्या म्हटलं, नवस असंन काही." बाईनं मान उंचावून जयाच्या खांद्यामागे पाहिलं. तर्रीचा डाव हातातच राहिला. "आत्ता तं होती बाप्पा..."

जया भ्यायली नाही. तिला रडू आलं, पण ते सुखाचं होतं. ताई आली. म्हणजे ताईनं माफ केलं. तिनं दुसरी प्लेट तलावाच्या कठड्यावर ठेवली आणि हात जोडले.

त्यानंतर ताई रोज यायची. चढावर जयाचा श्वास तुटायला लागला की मागून ती चाल ऐकू यायची. शब्द नाहीत, फक्त चाल, दातांमधून हळू. जयाचे पाय आपोआप त्या ठेक्यात पडायचे. डिसेंबरात तिचे सोळा किलोमीटर झाले.

एकच गोष्ट तिला टोचायची.

ताई कधी बाजूला आली नाही. पुढेही गेली नाही.

कायम मागेच.

रविवार, ३१ डिसेंबर. शेवटची लांब धाव. गट निघाला तेव्हा नुसतं गार होतं. सेमिनरी हिल्सची टेकडी चढेपर्यंत धुकं दाटलं. बाकीचे पुढे गेले. जयाचा गुडघा धरला होता, ती सगळ्यात मागे. तिच्यामागे सरांची गाडी. दिव्यांचा पिवळा उजेड धुक्यात पसरलेला.

अर्धी टेकडी पार झाली आणि तिच्या लक्षात आलं...

आज पावलं वाजत नव्हती.

तिनं वेग कमी केला. कान दिला. फक्त गाडीचं इंजिन. बांबूचं बन आलं. तेच वळण.

करकचून ब्रेक लागला.

जया वळली. गाडी वीस पावलांवर उभी होती. सरांनी काच खाली केली. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"कोण आहे तुझ्यासंगं?"

"कोणीच नाई सर."

"मग मधात कोण आहे? तुझ्या अन् गाडीच्या मधात?"

मधे नुसता उजेड होता. उजेडात धुकं हलत होतं.

"सर, कोणी नाई आहे."

"हट म्हण तिले! मी थांबलो, गाडी थांबली, ती थांबून नाई राहिली. जवळ येऊन राहिली ती." सरांनी दोन्ही हात तोंडापुढे धरले. मग एकदम लहान मुलासारखे रडायला लागले. "फुटाळ्यात टाकला बाई मी तो बूट. गाडीच्या पुढं अडकून आला होता, तलावात टाकला. आता कुठून आणून देऊ तुले?"

जया जागच्या जागी गार झाली.

मग ती चालत गाडीपाशी गेली. दार उघडलं.

"बोला."

"धुकं होतं बेटा. काहीच दिसत नव्हतं. एकदम समोरच आली..."

"अन् मग?"

"उतरलो ना मी. असं नको समजू की उतरलो नाही. जिती होती. पाणी द्या म्हणे."

जयानं मागच्या सीटकडे पाहिलं. पाण्याचे दोन खोके. चोवीस चोवीस बाटल्या.

"नाही दिलं?"

"काढतच होतो मी बाटली. तेवढ्यात ती म्हणे..." सर अडखळले. "म्हणे, माझी बहीण येऊन राहिली मांगून. येतेच म्हणली ती."

बांबू करकरले.

"मले वाटलं, दोन मिनिटांत तू पोचशील. तू तिले पाहशील, दवाखान्यात नेशील. मी काहून अडकू? म्हणून गेलो मी. तिले एकटं समजून नाही गेलो बेटा, तुझ्या भरवशावर गेलो." त्यांनी डोळे वर केले. "तू काहून नाही आली? कुठी होती तू?"

जयानं नजर खाली वळवली.

"मले ताप होता," ती म्हणाली.

तिच्या पाठीमागे, अगदी जवळ, एक पाऊल वाजलं...

चप्.

एकच.

ती त्याच सकाळी ठाण्यात का गेली नाही? सर तर रडत होते, चल म्हटलं असतं तर आले असते. पण जबाबात ते एक वाक्य आलं असतं. येतेच म्हणली ती. चंपतरावांनी ते वाचलं असतं. प्रयागबाईनं ऐकलं असतं.

म्हणून जया वेगळंच बोलली. आवाज तिचा तिलाच ओळखू येत नव्हता.

"एकवीस तारखेले तुम्ही धावायचं. पूर्ण. गाडीत बसायचं नाही. तिचा फोटो छातीवर लावायचा. धाव संपली की स्वतःच्या पायानं ठाण्यात जायचं. अन् माझं नाव काढायचं नाही."

"हाव बेटा. हाव. फक्त तिले सांग..."

"मी तिले काहीच सांगणार नाई."

त्या दिवसापासून जयाच्या मागची पावलं बंद झाली. ओपी सर मात्र बदलले. बोलता बोलता मान वळवायचे. दुकानात पाठ भिंतीला लावून बसायचे. खुर्चीत बसले तरी टाचा जमिनीवर आपटत राहायच्या.

जयाला हे कळायचं आणि तिला बरं वाटायचं. इतकं बरं तिला वर्षभरात वाटलं नव्हतं. रिकाम्या रस्त्यावर धावताना ती मोठ्यानं म्हणायची, "त्यालेच धर ताई. त्यालेच. सोडू नको."

एकवीस जानेवारी. रविवार. आभाळ काचेसारखं. फुटाळ्यावर कमान, बिगुल, कामिनीचा मोठा फोटो, फुलं. आईवडील पहिल्या रांगेत. सहा वाजता दौड सुटली.

सर सुरुवातीपासूनच पुढे होते. त्यांच्या वयाला न शोभणारा वेग. पाण्याच्या टेबलावर थांबले नाहीत. दहाव्या किलोमीटरला कोणीतरी ओरडलं, "सर, हळू! जान आहे का नाही?" सरांनी ऐकलं नाही. ते मागे बघत होते, आणि धावत होते.

कमान आली. टाळ्या वाजल्या. निवेदकानं नाव पुकारलं.

सर थांबले नाहीत.

कमान ओलांडून तसेच पुढे गेले. लोक हसले. "ओपी सर अजून एक चक्कर मारते बे!"

मग सरांचा आवाज आला.

"थांबवा ना मले! धरा कोणीतरी!"

हसू विझलं. दोन धट्टीकट्टी पोरं धावली. दोघांनी त्यांचे दंड धरून त्यांना जमिनीवरून अलगद उचललं...

पाय थांबले नाहीत.

हवेत, जमिनीपासून वीतभर वर, ते धावतच होते.

पोरांनी घाबरून हात सोडले. सर पुन्हा रस्त्याला लागले. उलट्या दिशेनं, टेकडीकडे.

जया तेव्हा शेवटच्या दोन किलोमीटरात होती. समोरून कोणीतरी येताना दिसलं. तोंडाला फेस, शर्टावर कामिनीचा फोटो घामानं चिकटलेला. सर. त्यांच्यामागे कोणी नव्हतं. नुसतं ऊन होतं.

पण आवाज होता.

टप्... चप्.

"सांग ना तिले!" सर ओरडले. "तू सांगशीन तं ऐकंन ती! बेटा, सांग ना!"

एक हात पुढे केला असता तर ते जयाच्या अंगावर पडले असते. कदाचित थांबलेही असते.

जया बाजूला झाली.

तिनं वाट दिली.

मग तिनं आपली दौड पुरी केली. आईनं तिला ओवाळलं.

सव्वाबाराला सर सापडले. बांबूच्या बनाशी, कुशीवर पडलेले. श्वास चालू होता. उजवा पाय उघडा, तळव्याचं कातडं सोललेलं. उजवा बूट कुठेच नव्हता. आणि दोन्ही पाय हलत होते, पळणाऱ्या माणसाचे हलतात तसे.

रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात त्यांना ठेवलं. तपासण्या झाल्या. मेंदू ठीक, नसा ठीक. झोपेचं औषध दिलं, सर झोपले. पाय झोपले नाहीत. शेवटी पट्ट्यांनी पलंगाला बांधले.

तिसऱ्या दिवशी रक्त काढायला लॅबनं जयालाच पाठवलं.

सकाळचे दहा वाजले होते. खिडकीतून ऊन येत होतं. चादरीखाली पाय चालू. खस्... खस्... खस्... जयानं रबरी पट्टा दंडाला बांधला, शीर शोधली, सुई घातली. सरांनी डोळे उघडले.

"काल ठाणेदार आला होता. सगळं सांगितलं मी. गाडी, बूट, पाणी. सगळं."

जयाचा हात थबकला.

"तुझं नाव नाई आलं त्यात."

तिनं सुटकेचा श्वास टाकला. "उपकार झाले सर," तोंडातून निघून गेलं.

सर तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या नजरेत राग नव्हता. कीव होती.

"माझे कायचे उपकार बेटा? मी घेतच होतो तुझं नाव. तिनं घेऊ नाई दिलं." त्यांचा आवाज अगदी हळू झाला. "म्हणे, तुमचं झालं. जयाचं माझं मी पाहते."

ट्यूब भरली.

चादरीखालची खसखस थांबली.

दोन्ही पाय निपचित पडले. तीन दिवसांत पहिल्यांदा. सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "गेली," ते पुटपुटले. "सुटलो..."

बाहेरच्या लांब, स्वच्छ पुसलेल्या वऱ्हांड्यात...

चप्.

इथपर्यंत सांगताना जयाचा आवाज ठीक होता. मौद्याला एका लग्नात, मांडवामागे खुर्ची ओढून ती बसली होती आणि नात्यातल्या एका बाईजवळ हे सांगत होती. पुढचं सांगायच्या आधी तिनं दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे दाबून धरले.

दवाखान्यातून आली त्या दिवशी तिनं धावणं सोडलं. बूट पोत्यात बांधून माळ्यावर टाकले. तरी ती वाळत चालली. डोळ्यांखाली काळं झालं. सकाळी उठली की पोटऱ्यांत गोळे. आईला राहवलं नाही. एप्रिलात प्रयागबाई मौद्याहून रामनगरला आली.

रविवारची दुपार होती. त्रेचाळीस अंश. रस्त्यावर चिटपाखरू नाही. जया आतल्या खोलीत चादर ओढून झोपली होती, आई बाहेर तांदूळ निवडत होती. कूलरचा आवाज घर भरून होता.

लाइन गेली.

कूलर बंद पडला. पाती गरगरत मंद झाली, थांबली. घर एकदम मुकं झालं.

आणि त्या शांततेत...

खस्... खस्... खस्...

प्रयागबाई उठली. आत आली. पलंगावर पायाच्या बाजूला चादर उचलली जात होती, खाली बसत होती. तिनं ती बाजूला केली.

जयाचे पाय धावत होते.

उजव्या पायाचा तळवा डांबरानं काळा होता. त्यात बारीक खडी रुतलेली. आणि बोटांमध्ये, घोट्यावर, थेंब थेंब साचलं होतं...

दव.

एप्रिलातल्या दुपारी, कडी लावलेल्या घरात.

आई किंचाळली नाही. ती पलंगाच्या कडेला बसली. दोन्ही पाय तिनं मांडीवर घेतले, पदरानं ते दव पुसलं. तान्ह्या पोराचे धरावेत तसे हातात धरले. हातांत ते धडपडत राहिले.

"कामिनी," ती म्हणाली. "कामिनी, तूच आहे ना वं? सोड ना बाई तिले. लहान आहे ती. काय केलं तिनं तुले?"

पाय थांबले.

खोलीत कसलाच आवाज नव्हता. कोणीतरी श्वास रोखून उत्तराची वाट बघत असावं, तसं झालं.

आईनं मान वर केली.

जयाचे डोळे उघडे होते. ती झोपलेली नव्हती. केव्हापासून जागी होती कोण जाणे.

"जये," आईनं विचारलं, "ते म्हणून राहिली काही. तुले ऐकू येते ना? काय झालं होतं वं त्या दिवशी?"

जयानं आईकडे पाहिलं. त्या म्हाताऱ्या हातांकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. पाय आईच्या मांडीवर शांत पडून होते, दमलेल्या पाखरांसारखे. एवढंच सांगायचं होतं. एकच वाक्य.

"मले ताप होता, आई."

आईच्या हातांत पाय पुन्हा धावू लागले.